कॉर्निश वारसा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉल परगण्यातील लोकांची केल्टिक भाषा, सण-उत्सव, खाणकामाची परंपरा, पुरातत्त्वीय अवशेष व सामूहिक स्मृती यांचा समुच्चय. हा ठेवा जतन करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेल्या प्रयत्नांचाही यात अंतर्भाव होतो. बोलीव्यवहारातून नाहीशी झालेली भाषा आणि बंद पडलेला मुख्य धंदा यांच्या अवशेषांतून एखादा लोकसमाज आपली ओळख पुन्हा कशी उभी करू शकतो, याचे कॉर्नवॉल हे एक लक्षणीय उदाहरण मानले जाते. अशा पुनरुज्जीवनाच्या मर्यादाही तेथे स्पष्ट दिसतात.

भूमी व लोक : कॉर्नवॉलच्या तिन्ही बाजूंस समुद्र असून पूर्वेस टेमर नदीने तो डेव्हन परगण्यापासून जवळजवळ संपूर्णपणे अलग केला आहे. क्षेत्रफळ सु. ३,५५० चौ. किमी.; लोकसंख्या सु. ५,७०,००० (२०२१). ट्रूरो हे त्यातील एकमेव नगर. स्थानिक भाषेत या प्रदेशास ‘केर्नो’ व भाषेस ‘केर्नूएक’ म्हणतात. अँग्लो-सॅक्सन लोकांनी ब्रिटनचा बहुतेक दक्षिण भाग व्यापल्यावर मूळच्या ब्रिटन लोकांचे जे गट पश्चिमेकडील डोंगराळ व किनारी प्रदेशांत टिकून राहिले, त्यांपैकी कॉर्निश हे एक होत. सु. ९३६ मध्ये अ‍ॅथेल्स्टन राजाने टेमर नदी ही त्यांची सीमा ठरविली. १३३७ मध्ये कॉर्नवॉलला डचीचा दर्जा मिळाला. तेव्हापासून राजाच्या ज्येष्ठ वारसाकडे तिचे उत्पन्न जाते. अशा रीतीने इंग्लंडच्या राज्यात राहूनही कॉर्नवॉलचे काहीसे वेगळेपण मान्य होत आले.

हे वेगळेपण केवळ भाषेपुरते नव्हते. कथलाच्या खाणींत काम करणाऱ्यांना जॉन राजाने १२०१ मध्ये सनद देऊन विशेष हक्क दिले. त्यांच्यासाठी स्वतंत्र न्यायालये व ‘स्टॅनरी पार्लमेंट’ नावाची सभा होती. या सभेचे अखेरचे अधिवेशन १७५३ मध्ये संपले आणि स्टॅनरी न्यायालय १८९६ मध्ये रद्द झाले. विसाव्या शतकात कॉर्निश स्वायत्ततेची मागणी करणाऱ्यांनी याच जुन्या हक्कांचा वारंवार आधार घेतला.

उठाव व भाषेचा ऱ्हास : कॉर्निश भाषा वेल्श व ब्रेतॉन या भाषांची भगिनी होय. मध्ययुगात तिच्यात धार्मिक नाट्यवाङ्मय निर्माण झाले. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘ऑर्डिनेलिया’ ही तीन नाटकांची मालिका आणि संत मेरियासेकच्या जीवनावरील १५०४ मधील नाटक ही त्यांतील प्रमुख होत. पेनरिन येथे १२६५ मध्ये स्थापन झालेले ग्लॅझनी येथील धर्मपीठ या वाङ्मयाचे महत्त्वाचे केंद्र होते, असे मानले जाते. ही नाटके उघड्यावर, मातीच्या बांधाने वेढलेल्या वर्तुळाकार रंगस्थळांवर होत. अशी दोन रंगस्थळे सेंट जस्ट येथे व पेरनपोर्थजवळ आजही अवशिष्ट आहेत.

१४९७ मध्ये स्कॉटलंडविरुद्धच्या युद्धासाठी सातव्या हेन्रीने बसविलेल्या करांमुळे कॉर्नवॉलमध्ये उठाव झाला. सेंट केव्हर्न येथील लोहार मायकेल जोसेफ ऊर्फ ‘अन गोफ’ (लोहार) आणि बॉडमिनचा वकील टॉमस फ्लॅमँक हे त्याचे नेते होते. हजारो लोक पायी लंडनपर्यंत गेले. १७ जून रोजी ब्लॅकहीथ येथे त्यांचा पराभव झाला आणि नेत्यांना देहान्त शासन झाले. १५४९ मध्ये सर्व चर्चमध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले, तेव्हा दुसरा उठाव झाला. आपल्यापैकी काहींना इंग्रजी येतच नाही, असे बंडखोरांनी आपल्या मागण्यांत म्हटले होते. हा उठावही मोठ्या प्राणहानीनंतर मोडून काढण्यात आला. त्यापूर्वीच, १५४८ मध्ये, ग्लॅझनीचे धर्मपीठ बंद करण्यात आले होते.

या घटनांचा भाषेवरील परिणाम वेल्सशी तुलना केली असता कळतो. प्रार्थनापुस्तक व नवा करार यांची वेल्श भाषांतरे १५६७ मध्ये आणि संपूर्ण बायबलचे १५८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे वेल्शला चर्चमध्ये स्थान व लेखनाला एक प्रमाण मिळाले. कॉर्निशमध्ये असे भाषांतर झाले नाही. धर्म, न्याय व व्यापार या तिन्ही क्षेत्रांत इंग्रजी आली आणि कॉर्निश भाषा पश्चिमेकडे हटत जाऊन पेन्झॅन्सच्या आसपासच्या कोळी व शेतकरी वस्त्यांपुरती उरली. वेल्श पंडित एडवर्ड लॉइड याने १७०० च्या सुमारास तेथे जाऊन केलेल्या नोंदी १७०७ मध्ये प्रसिद्ध केल्या. उच्चारांच्या अभ्यासाला त्या आजही आधारभूत आहेत. मौझल येथील मासेविक्री करणारी डॉली पेंट्रीथ (मृत्यू १७७७) ही शेवटची कॉर्निशभाषक म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्या मृत्यूनंतरही ही भाषा जाणणारे काही लोक हयात होते; तथापि घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला व्यवहार अठराव्या शतकाच्या अखेरीस खंडित झाला, याविषयी दुमत नाही.

भाषा गेली तरी तिचा ठसा स्थलनामांत राहिला. ‘ट्रे’ (वस्ती), ‘पोल’ (डोह) व ‘पेन’ (टोक) यांनी सुरू होणारी असंख्य गावनावे व आडनावे तेथे आढळतात. खाणींच्या नावांआधी येणारा ‘व्हील’ हा शब्दही काम या अर्थाच्या कॉर्निश शब्दापासून आला आहे.

खाणकाम व स्थलांतर : कॉर्नवॉलमध्ये कथलाचे उत्पादन ब्राँझयुगापासून होत असे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत खोल खाणींतील तांबे हा त्याचा मुख्य आधार बनला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रदेश जगातील अग्रगण्य ताम्र-उत्पादक होता. खोल खाणींत साचणारे पाणी उपसण्यासाठी तुळईची प्रचंड वाफ एंजिने विकसित करण्यात आली. उच्च दाबाच्या वाफेचा वापर करणारा रिचर्ड ट्रेव्हिथिक (१७७१–१८३३) याच परिसरातील. त्याने १८०१ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस कॅम्बोर्न येथे वाफेची गाडी रस्त्यावर चालवून दाखविली. पुरुष भूगर्भात उतरत, तर ‘बाल मेडन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया व मुली जमिनीवर धातुक फोडण्याचे काम करीत. जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट पंथाचा या श्रमिकांत मोठा प्रसार झाला. ग्वेनॅप येथील खोलगट जागी वेस्लीने १७६२ ते १७८९ या काळात अठरा वेळा प्रवचने केली. गावोगावची साधी प्रार्थनागृहे आणि पुरुषांची गायनवृंद-परंपरा ही त्या प्रभावाची फलिते होत.

१८६० नंतर परदेशी तांब्याच्या स्पर्धेमुळे भाव कोसळले व एकामागून एक खाणी बंद पडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सु. अडीच लाख लोक देशांतरास गेले, असा अंदाज आहे. ‘कझन जॅक’ या नावाने ओळखले जाणारे हे खाणकामगार दक्षिण ऑस्ट्रेलियातील मून्टा, मेक्सिकोतील रेआल देल मोन्ते, अमेरिकेतील ग्रास व्हॅली, तसेच दक्षिण आफ्रिका येथे पोहोचले. भारतातही कोलार येथील सोन्याच्या खाणी १८८० नंतर जॉन टेलर अँड सन्स या कंपनीच्या व्यवस्थेखाली आल्यावर कॉर्निश खाणकामगार व पर्यवेक्षक तेथे आले. दूरदेशी गेलेल्यांनी आपल्या चालीरीती सोबत नेल्या. मांस, बटाटा, कांदा व सलगमासारखा एक कंद भरून, कडा मुडपून भाजलेली ‘पेस्टी’ मेक्सिकोत ‘पास्ते’ म्हणून रूढ झाली, तर दक्षिण ऑस्ट्रेलियात मून्टा व आसपासच्या गावांत १९७३ पासून कॉर्निश महोत्सव भरतो. खुद्द कॉर्नवॉलमध्ये मात्र कर्ती माणसे गेल्याने अनेक खेडी ओस पडली. गीव्हर ही खाण १९९० मध्ये व साउथ क्रॉफ्टी ही १९९८ मध्ये बंद झाली.

सण व लोकाचार : भाषेच्या व धंद्याच्या तुलनेने सणांची परंपरा अधिक अखंड राहिली. १ मे रोजी पॅडस्टो येथे ‘ऑबी ऑस’ हा उत्सव होतो. मोठ्या कड्यावर ताणलेल्या काळ्या कापडाखाली एक माणूस मुखवटा घालून ‘घोडा’ बनतो व ढोल आणि अकॉर्डियनच्या साथीवर गल्ल्यांतून नाचत फिरतो. जुना व निळा असे दोन घोडे असून त्यांचे पाठीराखे वेगळे असतात. हेल्स्टन येथे ८ मे रोजी (त्या दिवशी रविवार किंवा सोमवार आल्यास आधीच्या शनिवारी) फ्लोरा दिन साजरा होतो. त्यात जोडप्यांची रांग नाचत नाचत घरांच्या व दुकानांच्या एका दाराने आत शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडते. सेंट कोलम येथे चांदीचा मुलामा दिलेल्या चेंडूचा ‘हर्लिंग’ हा खेळ गावातील दोन पक्ष रस्त्यांवरून खेळतात. कॉर्निश कुस्तीत मल्ल जाड कापडाची अंगरखी घालतात व ती पकडूनच डाव टाकतात.

कथील कामगारांचा संत पिरन याचा दिवस ५ मार्च रोजी पाळण्यात येतो. काळ्या भूमीवर पांढरा क्रूस असलेला त्याचा ध्वज आता साऱ्या कॉर्नवॉलचे चिन्ह बनला आहे. पेरनपोर्थजवळच्या वाळूच्या टेकड्यांत त्याच्या नावाचे एक प्राचीन प्रार्थनास्थळ आहे. ते १८३५ मध्ये उकरण्यात आले. पुढे संरक्षणासाठी त्याभोवती काँक्रीटचे कवच बांधले गेले. १९८० मध्ये ते पुन्हा वाळूत पुरण्यात आले आणि २०१४ मध्ये स्थानिक मंडळींच्या प्रयत्नांनी परत खुले झाले. वास्तू झाकून राखावी की लोकांच्या दृष्टीपुढे ठेवावी, या जतनकार्यातील नेहमीच्या प्रश्नाचे हे बोलके उदाहरण होय.

पुनरुज्जीवनाची चळवळ : ब्रिटिश म्यूझियममधील ग्रंथालयात काम करणारा हेन्री जेनर (१८४८–१९३४) याने १८७५ मध्ये भाषेचे उरलेसुरले अवशेष वृद्धांकडून गोळा केले. त्याने १९०४ मध्ये कॉर्निश भाषेचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी केल्टिक काँग्रेसने कॉर्नवॉलला केल्टिक राष्ट्र म्हणून मान्यता दिली. त्याचा सहकारी रॉबर्ट मॉर्टन नॅन्स (१८७३–१९५९) याच्या पुढाकाराने सेंट आइव्ह्‌झ येथे १९२० मध्ये पहिली ‘ओल्ड कॉर्नवॉल सोसायटी’ निघाली आणि अशा मंडळांचा संघ १९२४ मध्ये स्थापन झाला. काही हरवू नये म्हणून उरलेले तुकडे वेचून ठेवावेत, अशा आशयाचे बोधवाक्य या संघाने स्वीकारले. कापणीच्या अखेरच्या पेंढीला उंच धरून निरोप देण्याचा विधी व उन्हाळ्याच्या मध्यावर टेकडीटेकडीवर होळ्या पेटविण्याची चाल या मंडळांनी पुन्हा सुरू केली. वेल्समधील कविसभेच्या धर्तीवर ‘गोर्सेद केर्नो’ ही सभा २१ सप्टेंबर १९२८ रोजी बॉस्कॉएन-ऊन येथील प्रागैतिहासिक शिलावर्तुळात प्रथम भरली. कॉर्नवॉलच्या भाषा, साहित्य व समाजजीवनाची सेवा करणाऱ्यांना ती ‘बार्ड’ हे मानपद देते.

पुनरुज्जीवित भाषेचे रूप कोणते असावे, यावर मात्र दीर्घकाळ वाद राहिला. मध्ययुगीन नाटकांचा आधार घेऊन नॅन्सने एकरूप लेखनपद्धती तयार केली. १९८० नंतर उच्चारानुसारी लेखनाचा आग्रह धरणारा एक आणि सतराव्या-अठराव्या शतकांतील बोलीकडे वळणारा दुसरा असे पक्ष पडले. शाळा, शासन व पाट्या यांसाठी एकच लेखन हवे असल्याने २००८ मध्ये एक प्रमाण लेखनरूप मान्य करण्यात आले. हा वाद केवळ व्याकरणाचा नव्हता. परंपरा ज्या ठिकाणी तुटली, त्याच ठिकाणापासून ती पुढे चालवावी, की ती समृद्ध होती त्या काळाकडे परत जावे, हा त्यामागील खरा प्रश्न होता. अशा प्रश्नाचे उत्तर पुराव्याने मिळत नाही, ते समाजालाच ठरवावे लागते.

भाषेला युरोपीय प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांच्या सनदेखाली ब्रिटिश शासनाने २००२ मध्ये मान्यता दिली. यूनेस्कोच्या सूचीत तिची नोंद प्रथम ‘नष्ट’ अशी झाली होती. भाषक अस्तित्वात आहेत, हे निदर्शनास आणल्यावर २०१० मध्ये तिला ‘अत्यंत धोक्यात’ या वर्गात घालण्यात आले. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये ५५७ व्यक्तींनी कॉर्निश ही आपली मुख्य भाषा असल्याचे सांगितले. त्याच जनगणनेत कॉर्नवॉलमधील सु. ७३,००० लोकांनी आपली राष्ट्रीय ओळख कॉर्निश असल्याची नोंद केली. भाषा न येताही ओळख सांगणारे किती अधिक आहेत, हे या दोन आकड्यांवरून दिसते. २४ एप्रिल २०१४ रोजी कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता मिळाली. परंतु २०१६ मध्ये शासनाने भाषेसाठीचे अनुदान बंद केले. मान्यता व आर्थिक पाठबळ ही दोन स्वतंत्र बाबी आहेत, याचा प्रत्यय तेव्हा आला.

जतनकार्य व संस्था : रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ कॉर्नवॉल ही ट्रूरो येथील संस्था १८१८ मध्ये स्थापन झाली. तिच्या संग्रहालयात खनिजे, पुरावस्तू व हस्तलिखिते आहेत. रेडरूथ येथील जुन्या मद्यनिर्मितीगृहाच्या वास्तूत २०१९ मध्ये ‘क्रेसेन केर्नो’ हे अभिलेखागार सुरू झाले. कॉर्नवॉलविषयक कागदपत्रे, नकाशे व ग्रंथ तेथे एकत्र पाहावयास मिळतात. औद्योगिक वारसा जपण्याच्या कामी कॉर्नवॉलमधील मंडळी ब्रिटनमध्ये आघाडीवर होती. लेव्हंट खाणीतील वाफ एंजिन मोडीत निघण्याची वेळ आली, तेव्हा ते वाचविण्यासाठी १९३५ मध्ये एक समिती स्थापन झाली. पुढे तिचेच रूपांतर ट्रेव्हिथिक सोसायटीत झाले. याच लेव्हंट खाणीत २० ऑक्टोबर १९१९ रोजी कामगारांना वर-खाली नेणारे यंत्र तुटून ३१ जण मृत्युमुखी पडले होते. त्यामुळे तेथील जतनाला केवळ यंत्रविद्येचे नव्हे, तर स्मारकाचेही महत्त्व आहे. अनेक दशके निश्चल राहिलेले हे एंजिन स्वयंसेवकांनी परिश्रमपूर्वक पुन्हा वाफेवर चालते केले. शेजारच्या गीव्हर खाणीचे संग्रहालय झाले असून तेथे काम केलेल्या खाणकामगारांनी पाहुण्यांना ती दाखविण्याचे काम केले आहे. २००६ मध्ये ‘कॉर्नवॉल व पश्चिम डेव्हन खाण-भूदृश्य’ या नावाने दहा क्षेत्रांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. कॉर्निश पेस्टीला २०११ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. १९९७ मध्ये अन गोफच्या उठावास ५०० वर्षे झाल्यानिमित्त लोकांनी सेंट केव्हर्नपासून लंडनपर्यंत पुन्हा पदयात्रा काढली.

समस्या : आज कॉर्नवॉलच्या अर्थव्यवस्थेत पर्यटनाला मोठे स्थान आहे. वारशाच्या आकर्षणामुळे उत्पन्न मिळते. परंतु त्याच आकर्षणामुळे सुटीतील वास्तव्यासाठी घरे घेणाऱ्यांची संख्या वाढून स्थानिक तरुणांना आपल्या गावात घर घेणे कठीण झाले आहे. सेंट आइव्ह्‌झच्या नागरिकांनी २०१६ मध्ये सार्वमताने असे ठरविले, की तेथे नवी बांधलेली घरे कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत. एंजिनघर पैशाने उभे राहू शकते, हस्तलिखित कपाटात सुरक्षित ठेवता येते. परंतु पॅडस्टोचा नाच, गायनवृंद किंवा घरात बोलली जाणारी भाषा यांना त्या जागी वर्षभर राहणारी माणसे लागतात. एकोणिसाव्या शतकात खाणी बंद पडल्याने कॉर्निश लोकांना गाव सोडावे लागले; एकविसाव्या शतकात तोच प्रश्न घरांच्या किंमतींच्या रूपाने उभा आहे. म्हणूनच तेथील वारसाजतनाच्या कार्यात अवशेषांच्या रक्षणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व स्थानिक वस्ती टिकविण्याला आले आहे. १९०४ मध्ये मूठभर अभ्यासकांच्या छंदासारखी भासणारी चळवळ आज शाळा, पाट्या, उत्सव व कायदा यांपर्यंत पोहोचली आहे, हे तिचे मोठे यश होय. मात्र ही भाषा मातृभाषा म्हणून घरांत पुन्हा किती रुजते, यावरच तिचे पुढील भवितव्य अवलंबून राहील.